नाका उठला, नोंद राहिली

मालाच्या गाडीआधी तिची खबर निघाली पाहिजे, हा नियम सीमाभागातल्या घरांत कसा शिरला, त्याविषयी

पुणे-बंगळूर महामार्गावर कागल मागे पडले आणि कोगनोळी आली की राज्य बदलते. पाट्यांवरची लिपी बदलते, गाड्यांच्या नंबरातली पहिली दोन अक्षरे बदलतात, चहाची चव मात्र तीच राहते. सीमाभागातल्या माणसाला या बदलाचे फारसे काही वाटत नाही. त्याची सासुरवाडी पलीकडे असते, भाऊबंदकीची जमीन अलीकडे असते आणि दोन्ही भाषांत त्याला सारख्याच सहजतेने भांडता येते. पण हीच सीमा मालाच्या गाडीने ओलांडायची झाली की गोष्ट वेगळी होते.

'नाका' हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धास्तीचा. जकात नाका, विक्रीकर नाका, आरटीओचा नाका, वनखात्याचा नाका. कर्नाटकाने जकात १९७९ मध्येच बंद केली. महाराष्ट्रातल्या महापालिकांमध्ये ती पुढे बरीच वर्षे चालली आणि मुंबईची जकात तर थेट २०१७ मध्ये, वस्तू आणि सेवा कर आल्यावर गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच महाराष्ट्र, कर्नाटकासह बावीस राज्यांनी सीमेवरचे करवसुलीचे तपासणी नाके उठवले. आरटीओ, अबकारी आणि पोलिसांची तपासणी राहिली. पण विक्रीकराचा शिक्का मिळेपर्यंत गाडी उभी ठेवण्याचे दिवस संपले.

नाका उठला तसे त्याचे काम मात्र संपले नाही. ते रस्त्यावरून उठून कारखान्याच्या ऑफिसात, दुकानाच्या गल्ल्यावर आणि पुष्कळदा घरातल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. त्याचे नाव ई-वे बिल.

आधी कळवा, मग निघा

ई-वे बिलामागची कल्पना सोपी आहे. माल अडवून विचारायचे की 'काय आहे, कुणाचे आहे, कुठे चालले आहे', त्याऐवजी हे सारे निघण्याआधीच संगणकावर सांगून ठेवायचे. मग रस्त्यात तपासणाऱ्याने फक्त सांगितलेले आणि गाडीत असलेले जुळते का, एवढेच पाहायचे.

ही कल्पना एकट्या आपल्या देशाची नाही. अमेरिकेने २००२ मध्ये व्यापारविषयक कायदा केला आणि त्याच्या आधाराने कॅनडा व मेक्सिकोतून येणाऱ्या ट्रकांना आगाऊ संगणकीय नोंद सक्तीची केली. गाडी सीमेवर पोचण्याच्या किमान एक तास आधी माल, गाडी आणि चालक यांची माहिती सीमाशुल्क खात्याकडे गेली पाहिजे. ज्यांची पूर्वतपासणी होऊन विश्वासू म्हणून नोंद झाली आहे, त्यांना अर्धा तास आधी कळवले तरी चालते. ही सक्ती २००७ मध्ये तिथल्या एकेका नाक्यावर टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढे कॅनडानेही आपल्या बाजूला तसाच एक तासाचा नियम लावला.

आपल्याकडे फरक दोन आहेत. तिकडची सीमा दोन देशांची आहे, आपली एकाच देशातल्या दोन राज्यांची. आणि तिकडे गाडी सीमेवर पोचण्याआधी कळवायचे असते. आपल्याकडे गाडीचे चाक हलण्याआधी.

कर्नाटकाला या पद्धतीची सवय आधीपासून होती. व्हॅटच्या काळात 'ई-सुगम' नावाची व्यवस्था कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने चालवली होती आणि बेळगाव, निपाणीच्या व्यापाऱ्यांना तो नंबर तोंडपाठ झाला होता. नवी ई-वे बिल पद्धतही सप्टेंबर २०१७ पासून सर्वांत आधी कर्नाटकातच वापरून पाहिली गेली. मग १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर ती सुरू करण्याचे ठरले, पण पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि मुहूर्त पुढे गेला. अखेर १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ती सर्वत्र लागू झाली. राज्याच्या आतल्या वाहतुकीसाठीही त्याच दिवशी ती सुरू करणारे एकमेव राज्य कर्नाटक होते. महाराष्ट्राने आतल्या वाहतुकीसाठी २५ मे २०१८ पासून सुरुवात केली.

'वहिनी, बिल आलं का?'

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पार्ट ए मध्ये माल देणारा, घेणारा, मालाचा प्रकार, किंमत, बीजक किंवा चलनाचा नंबर, पिन कोड. पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. पार्ट बी भरले की बारा आकडी नंबर जिवंत होतो आणि गाडी निघायला मोकळी होते. चालकाजवळ बीजक किंवा चलन हवे आणि ई-वे बिलाची प्रत किंवा नुसता नंबर हवा. कागद छापलेला नसला आणि नंबर मोबाईलवर असला तरी चालते, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते.

मोठ्या कंपन्यांत हे काम करायला वेगळी माणसे असतात. पण उद्यमबागेतले छोटे वर्कशॉप, निपाणीचे एखादे दुकान, वडगाव-शहापुरातले चार मागांचे घर, तिथे कोण असते? पाहिले तर बहुतेक ठिकाणी घरातलेच कुणी. मालक मशीनवर किंवा बाजारात, आणि बिल करायला बायको, सून, नाहीतर कॉलेजात जाणारी मुलगी. गाडी दारात उभी असते. चालक खालून हाक मारतो, 'वहिनी, बिल आलं का?' वरून उत्तर येते, 'दोन मिनिटं थांबा दादा, ओटीपी यायचाय.'

हा ओटीपी म्हणजे अलीकडची भर. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर शिरताना पासवर्डबरोबर ओटीपीही सर्वांना लागू झाला. सुरक्षिततेसाठी ते बरेच आहे. पण ज्या घरात नोंदलेला मोबाईल मालकाच्या खिशात आणि मालक हुबळीत, तिथे गाडी दारातच अडकते. त्यावर उपाय पोर्टलवरच आहे. बिल करणाऱ्या माणसाच्या नावाने वेगळा सब-यूजर उघडायचा आणि त्याचा मोबाईल नंबर नोंदवायचा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते निवांत वेळी करून ठेवावे लागते. गाडी दारात उभी असताना ते सुचत नाही.

पन्नास हजारांचा हिशेब

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाची किंमत पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त असली की ई-वे बिल लागते. इथे पहिली गफलत होते. ही किंमत कर धरून मोजायची असते. समजा ४५,००० रुपयांचे सुटे भाग आहेत आणि त्यावर १८ टक्के कर आहे. करासह बीजक ५३,१०० रुपयांचे झाले. 'माल तर पंचेचाळीस हजारांचाच' असे म्हणून गाडी सोडली, तर ती बिलाशिवाय गेली असेच धरले जाते.

दुसरी गफलत वेळेची. बिलाला मुदत असते आणि ती अंतरावर ठरते. सुरुवातीला शंभर किलोमीटरला एक दिवस होता. १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाला. बेळगाव ते कोल्हापूर एक दिवस, बेळगाव ते पुणे दोन दिवस, बेळगाव ते मुंबई तीन दिवस असा साधारण हिशेब. यातला पहिला दिवस बिल केले त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी चार वाजता कोल्हापूरसाठी बिल केले तर ते मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते.

मुदत चुकण्याची भीती चालकाला वेगाने गाडी हाकायला लावते. तवंदी घाटात पावसाळ्याच्या रात्री ही घाई काय करू शकते, हे महामार्गावरच्या गावांना सांगायला नको. म्हणून हे प्रत्येक चालकाच्या घरात ठाऊक असले पाहिजे की मुदत वाढवून घेता येते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत, कारण देऊन, पोर्टलवर वाढ मागता येते. गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत घातला तर पार्ट बी मध्ये नवा नंबर भरायचा. नवे बिल लागत नाही. गाडी घाटात उभी असेल तर चालकाने जिवाचा आटापिटा न करता घरी एक फोन करावा, आणि घरच्याने उठून संगणक लावावा. रात्री अडीच वाजता झोपमोड झाली तरी चालेल, गाडी दरीत जायला नको.

माल जायचाच रद्द झाला तर बिल चोवीस तासांच्या आत रद्द करता येते. आणि आपल्या नावाने कुणी न मागवलेल्या मालाचे बिल केले असेल तर बहात्तर तासांच्या आत ते नाकारता येते. छोट्या व्यापाऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा तरी आपल्या खात्यावर कुणाची बिले पडली आहेत हे पाहावे. न पाहिलेले बिल मान्य धरले जाते.

मानकापूर जवळ, नागपूर सोपे

आता सीमाभागाची खरी अडचण. इचलकरंजीचे सूत घ्या. शहराला लागूनच, अगदी काही किलोमीटरवर, मानकापूर आहे. तिथेही घरोघरी यंत्रमाग खडखडतात. इचलकरंजीचा व्यापारी सूत देतो, मानकापूरचा मागवाला कापड विणून परत करतो. दोन्हीकडची माणसे एकाच बाजाराला जातात, एकाच जत्रेत भेटतात. पण मानकापूर कर्नाटकात आहे.

नियम असा आहे की मजुरीवर काम करून घेण्यासाठी, म्हणजे जॉबवर्कसाठी, माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर त्याची किंमत कितीही असो, ई-वे बिल केलेच पाहिजे. तिथे पन्नास हजारांची सवलत नाही. पाच हजारांचे सूत असले तरी बिल. ते माल पाठवणाऱ्याने करावे किंवा जॉबवर्क करणारा नोंदणीकृत असेल तर त्याने करावे.

हेच सूत इचलकरंजीतून हातकणंगल्याला पाठवले तर? महाराष्ट्राने जुलै २०१८ पासून राज्यातल्या राज्यात ई-वे बिलाची मर्यादा एक लाखावर नेली आणि सूत, कापड, कपडे जॉबवर्कसाठी पन्नास किलोमीटरच्या आत नेताना किंमत कितीही असली तरी बिल माफ केले. ही सवलत वस्त्रोद्योगाचे चलनवलन ओळखूनच दिली होती. फक्त ती राज्याच्या हद्दीत संपते. म्हणजे कोल्हापुरातून आठशे किलोमीटरहून दूर नागपूरला नव्वद हजारांचा माल बिलाशिवाय जाऊ शकतो, आणि इचलकरंजीतून हाकेच्या अंतरावरच्या मानकापूरला दोन गाठोडी सूत जाऊ शकत नाही.

कास्टिंगचेही तेच. बेळगावात ओतायचे आणि शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात मशीनवर घ्यायचे, नाहीतर उलट. एकाच नटबोल्टासारख्या वस्तूच्या दोन-तीन फेऱ्या सीमेवरून होतात. प्रत्येक फेरीला चलन, प्रत्येक फेरीला बिल, प्रत्येक फेरीला पार्ट बी. राज्याच्या आत गोदाम पन्नास किलोमीटरच्या आत असेल, तर कारखान्यातून हुंडेकऱ्याच्या गोदामापर्यंत माल नेताना पार्ट बी भरावे लागत नाही. निपाणीहून कोल्हापूरचे गोदामही पन्नास किलोमीटरच्या आतच येते. पण मधे सीमा आहे, म्हणून ती सवलत नाही.

हा नियम करणाऱ्यांनी वाईट हेतूने केलेला नाही. जॉबवर्कच्या नावाखाली माल परराज्यात जाऊन तिथेच विकला जाण्याची भीती खरी असते आणि तशी लबाडी करणारेही असतात. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरे राज्य म्हणजे दूरचे ठिकाण असते. सीमाभागात दुसरे राज्य म्हणजे शेजारची गल्ली. महाराष्ट्राने आपल्या हद्दीत जी पन्नास किलोमीटरची सूट दिली, तशीच सूट सीमेलगतच्या तालुक्यांत, नोंदणीकृत जॉबवर्कसाठी, दोन्ही राज्यांनी मिळून जीएसटी परिषदेकडे मागायला हरकत नाही. बेळगाव आणि कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांनी या एका मुद्द्यावर तरी एकत्र बसावे. सीमेच्या बाकी प्रश्नांवर मते वेगळी असतील. सुताच्या गाठोड्यावर दोन्हीकडचे मत एकच आहे.

रुखवत, घरसामान आणि बैलगाडी

हे सगळे व्यापाऱ्यांपुरते आहे असे वाटत असेल तर तसे नाही. सीमाभागात रोटी-बेटी व्यवहार दोन्हीकडे आहे. मुलगी बेळगावची, सासर गडहिंग्लजचे. लग्नात नवे फ्रिज, टीव्ही, कपाट द्यायचे ठरले. एकाच दुकानातून घेतले आणि बीजक पन्नास हजारांच्या वर गेले, आणि गाडीत घालून सीमेपलीकडे न्यायचे झाले, तर त्याला ई-वे बिल लागते. गाडी आपली स्वतःची असली तरी लागते. त्यासाठी आपली जीएसटी नोंदणी असण्याची गरज नाही. दुकानदारालाच ते करून द्यायला सांगावे. सामान्य नागरिक म्हणून पोर्टलवर स्वतःही करता येते. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी रुखवताची गाडी रस्त्यात अडकण्यापेक्षा दुकानातून निघतानाच हे मागून घेतलेले बरे.

याउलट वापरातले घरसामान यातून मुक्त आहे. बदली झाली आणि धारवाडहून साताऱ्याला बिऱ्हाड हलवायचे आहे. जुनी कपाटे, भांडी, गाद्या, शिलाई मशीन यांना ई-वे बिल नको. सोन्याचे दागिने, घरगुती गॅसचे सिलिंडर, टपालाच्या थैल्या यांनाही नको. ताजे दूध, ताजी भाजी यांसारख्या करमुक्त वस्तूंनाही नको. आणि ज्या वाहनाला इंजिन नाही त्याला तर काहीच नको. बैलगाडीत कितीही लाखाचा माल घातला तरी पोर्टल तिला विचारत नाही.

'बिल तोरस्री'

गाडी रस्त्यात अडवली जाते तेव्हा चालक एकटा असतो. अधिकारी कर्नाटकाचा असेल तर 'बिल तोरस्री' म्हणतो, महाराष्ट्राचा असेल तर 'बिल दाखवा'. सीमाभागातला चालक दोन्हीकडे उत्तर देतो, ही त्याची जमेची बाजू. पण हातातला कागद मात्र इंग्रजीत असतो आणि त्यावरची चूक त्याची नसते. चूक घरी टेबलावर झालेली असते आणि तिची शिक्षा तो रस्त्यावर भोगतो.

शिक्षा हलकी नाही. बिलाशिवाय किंवा चुकीच्या बिलावर माल पकडला गेला तर गाडी आणि माल दोन्ही अडवून ठेवता येतात. २०२२ च्या सुरुवातीपासून लागू असलेल्या तरतुदीप्रमाणे मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड. एक लाखाचा माल, १८ टक्के कर, म्हणजे ३६,००० रुपये. मालक पुढे आलाच नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मा किंवा कराच्या दुप्पट, यांतले जे जास्त असेल ते. म्हणजे याच उदाहरणात ५०,००० रुपये. अडवल्यापासून नोटीस द्यायला सात दिवस आणि नोटिशीनंतर आदेशाला सात दिवस, अशी अधिकाऱ्यालाही मुदत आहे. पण तेवढे दिवस चालकाचा हप्ता, भाडे आणि झोप सगळेच अडकते. नुसती गाडी सोडवायची असेल तर वाहतूकदाराला दंडाची रक्कम किंवा एक लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते भरून ती सोडवून घेता येते.

मात्र प्रत्येक चूक ही चोरी नसते, हे सरकारनेही मान्य केले आहे. १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात किरकोळ चुकांची यादी दिली आहे. जीएसटी नंबर बरोबर आहे पण नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक आहे. पत्ता बरोबर आहे पण पिन कोड चुकला आहे आणि त्यामुळे बिलाची मुदत वाढलेली नाही. गाव बरोबर आहे पण पत्त्यात गफलत आहे. बीजकाच्या किंवा गाडीच्या नंबरात एक-दोन अक्षरे इकडची तिकडे झाली आहेत. अशा वेळी माल अडवून कराच्या दुप्पट दंड लावायचा नाही. राज्याबाहेरच्या मालावर एकूण हजार रुपयांचा दंड पुरे आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून ज्या शहराचे इंग्रजी स्पेलिंगच बदलले, त्या बेळगावच्या लोकांनी हे परिपत्रक छापून गाडीत ठेवावे. आजही एका कागदावर जुने नाव आणि दुसऱ्यावर नवे नाव सर्रास असते.

आणखी दोन हक्क चालकाला ठाऊक असावेत. एका ठिकाणी गाडीतला माल प्रत्यक्ष तपासला गेला की त्याच प्रवासात पुन्हा, त्याच राज्यात किंवा दुसऱ्या राज्यात, तो तपासता येत नाही. करचुकवेगिरीची नेमकी खबर मिळाली असेल तरच येतो. म्हणून पहिल्या तपासणीची नोंद ऑनलाइन झाली का, ते विचारून घ्यावे. आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ गाडी विनाकारण थांबवून ठेवली तर वाहतूकदाराला पोर्टलवर तशी माहिती भरता येते. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

मुदत संपलेल्या बिलाबाबत हैदराबादचे एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्यम शिवम पेपर्स या कंपनीचा माल शहरातल्या मोर्चामुळे रस्त्यात अडकला आणि बिलाची मुदत संपली. नंतर माल पोचवायला निघालेली गाडी अडवून कर आणि दंड म्हणून ६९,००० रुपये घेतले गेले. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की नुसती मुदत संपली म्हणून कर चुकवण्याचा हेतू सिद्ध होत नाही. पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि वर दहा हजारांचा खर्च लावला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १२ जानेवारी २०२२ रोजी अपील फेटाळले गेलेच, शिवाय खर्चात आणखी ५९,००० रुपयांची भर पडली आणि ती रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मोकळीक राज्याला दिली गेली. याचा अर्थ मुदतीकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. पण खरे कारण असेल आणि त्याचा पुरावा जवळ असेल, तर घाबरून सही करून पैसे भरण्याआधी कर सल्लागाराला एक फोन करावा.

टेबलावरची जबाबदारी

एकेकाळी नाक्यावर रांगेत उभे राहणे हे चालकाचे आणि क्लीनरचे काम होते. आता ती रांग घरात आली आहे आणि तिथे उभी आहे ती बिल करणारी बाई, मुलगी, किंवा दहा दुकानांची बिले सांभाळणारा एखादा हिशेबनीस. तिच्या बोटाखालचा एक आकडा चुकला तर शंभर किलोमीटरवर एका माणसाची रात्र रस्त्यावर जाते. म्हणून या कामाला 'जरा ते बिल टाक' असे म्हणून चालत नाही. ते काम आहे, त्याला वेळ द्यावा लागतो आणि त्याची कदरही करावी लागते. किती घरांत या कामाचा पगार सोडाच, कौतुक तरी होते?

चार सवयी लावून घेतल्या तर निम्मा त्रास वाचतो. गाडी यायच्या आधी पार्ट ए भरून ठेवावे. गाडी आल्यावर नंबर प्लेट स्वतः पाहून पार्ट बी भरावे, फोनवर ऐकून नव्हे. बीजकाची तारीख पाहावी, कारण १ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांहून जुन्या बीजकावर बिल होतच नाही. आणि चालकाला निघताना मुदत कधी संपते ते त्याच्या भाषेत सांगावे, मराठीत किंवा कन्नडमध्ये. कागदावर ती छापलेली असते, पण अंधारात गाडी चालवणाऱ्याला कानाने ऐकलेले जास्त लक्षात राहते.

'उद्या रात्री बारापर्यंत वेळ आहे, सावकाश जा' एवढे वाक्य पुरे. त्याने निश्चिंत होऊन घाट उतरावा.